शेजारची पट्टी कुठं आहे?

सोयाबीनच्या शेंगा भरू लागल्या की आमच्या लातूर भागात रस्त्याकडेच्या रानांत कंपन्यांचे झेंडे दिसू लागतात. झेंड्याखाली फलक, फलकावर टॉनिकच्या बाटलीचं चित्र आणि ठसठशीत अक्षरांत एकरी क्विंटलचा आकडा. मंडप, पोहे, चहा, मग शिवारफेरी. कंपनीचा पोरगा वाकून एक झाड उपटतो, उंच धरतो, शेंगा मोजायला लावतो. टाळ्या पडतात. कृषी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, आता घरची शेती बघते. त्यामुळे अशा ठिकाणी माझा एक प्रश्न ठरलेला असतो. टॉनिक न मारलेली पट्टी कुठं आहे? ती बहुधा नसतेच. ‘मॅडम, गेल्या वर्षीचा उतारा काकांनाच विचारा की!’ असं उत्तर मिळतं.

गेल्या वर्षीचा पाऊस काय यंदासारखा होता? शेजाऱ्याच्या रानाशी तुलना करावी, तर त्याचं वाण वेगळं, पेरणी उशिरा झालेली आणि रान चिभडणारं. शिवाय डेमोसाठी शेतकरी निवडतात तो गावातला सगळ्यात नेटका, आणि जमीन निवडतात ती काळी, भारी. साहेब सारखे चक्कर मारणार म्हटल्यावर खुरपणीही वेळेवर होते. फवारणीच्या पंपात टॉनिकसोबत १९:१९:१९ खत पडलेलं असतं, कधी झिंकही. मग शेंगा वाढल्या त्या कशानं? टॉनिक कुचकामी आहे असं माझं म्हणणं नाही. ते चालतही असेल. त्या फलकावरून मात्र ते कळायला मार्ग नाही.

रान वरून एकसारखं दिसतं, पण असतं फसवं. १९१० साली इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात मर्सर आणि हॉल या दोघांनी एकाच एकरातला गहू ५०० तुकडे पाडून वेगवेगळा कापला आणि तोलला. बी तेच, खत तेच, मशागत तीच. तरी सगळ्यात चांगल्या तुकड्याचं धान्य सगळ्यात वाईट तुकड्याच्या जवळपास दुप्पट भरलं. त्या एकरात कुणी आपल्या सोयीचा तुकडा निवडून टॉनिकची पाटी रोवली असती, तर ‘दुप्पट उत्पन्न’ काहीही न फवारता सिद्ध झालं असतं!

संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये त्याच केंद्रात आला. त्याच्याकडून शिकण्यासारखी गोष्ट तशी साधी आहे. रानाचे एकमेकांलगत गट पाडा, प्रत्येक गटात टॉनिकची पट्टी आणि साधी पट्टी दोन्ही ठेवा, कोणती कुठं येणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि हे अनेकदा करा. चिठ्ठीला कंपनीही कळत नाही आणि कसदार कोपराही. विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या हा पोरखेळ वाटायचा. ‘मॅडम, आपण बघून समान वाटून देतो ना!’ बघून वाटणाऱ्याचा हात कुठं झुकतो हे त्याचं त्यालाच कळत नसतं, म्हणून तर चिठ्ठी.

हा झुकणारा हात संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्म्यांनी नेमका पकडला. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. विनायक पानसे यांच्यासोबत त्यांनी लिहिलेलं शेतीच्या संख्याशास्त्राचं १९५४ मधलं पुस्तक कृषी पदवीधरांच्या कैक पिढ्यांनी वापरलं. उताऱ्याचा अंदाज काढायला पीक कापून तोलतात, त्या कापणीसाठी तुकडा केवढा घ्यावा, यावर चाळीसच्या दशकात संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस आणि सुखात्मे यांच्यात चांगलीच जुंपली होती. सुखात्म्यांनी दाखवलं, की तुकडा फार लहान घेतला तर उतारा हमखास जास्त येतो. कारण तुकड्याच्या हद्दीच्या दोरीवर उभं असलेलं झाड मोजणारा माणूस आत ओढतो. तुकडा जितका छोटा, तितका त्याच्या क्षेत्रफळात दोरीवरच्या झाडांचा वाटा मोठा. शिवारफेरीत उंच धरलेलं ते एकुलतं झाड म्हणजे सगळ्यात लहान तुकडा, आणि तोही निवडून घेतलेला.

माझ्या रानात मी चिठ्ठ्या टाकून पट्ट्या पाडते. साध्या पट्टीवरही त्याच दिवशी, त्याच पंपानं तेवढंच पाणी फवारायचं; पंपात दुसरं काही घालायचं असलं, तर दोन्हीकडे घालायचं. कडेच्या ओळी मोजणीत धरायच्या नाहीत, कारण त्यांना ऊन-वारा जास्त मिळतो. खरा वैताग मळणीला. प्रत्येक पट्टीचा ढीग वेगळा, मध्येच यंत्र थांबवून झाडायचं, पोत्यांवर खुणा करायच्या. मळणीवाला तोंडावर बोलत नाही, पण पुढच्या शेतात माझी नक्कल करतो असं ऐकते. आमच्याकडे बहुतेक वेळा एका जोडीत टॉनिकची पट्टी वरचढ असते, तर दुसरीत साधी. अशा टॉनिकवर मी पैसे घालत नाही.

पण माझा निकाल माझ्या रानापुरता. पाण्याची सोय असलेल्या, खोल मातीच्या प्रक्षेत्रावर विद्यापीठानं काटेकोर प्रयोग केला, तरी मुरमाड, कोरडवाहू रानात तेच घडेल याची हमी नाही. म्हणूनच प्रयोग वेगवेगळ्या भागांत व्हावे लागतात. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं अशी टॉनिकं, म्हणजे जैव-उत्तेजकं, खत नियंत्रण आदेशाखाली आणली आणि विक्रीसाठी परिणामकारकतेच्या चाचण्यांची अट घातली. हे चांगलंच झालं. पण ती चाचणी कोणत्या जमिनीत झाली, किती पट्ट्यांवर झाली, साध्या पट्टीचा उतारा काय आला, हे बाटली विकत घेणाऱ्याला कुठं वाचायला मिळतं? अहवालाचं एक पान मराठीत कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर लावायची सक्ती करा. आणि डेमोच्या फलकावर एकरी आकडा छापायचा असेल, तर साध्या पट्टीचा आकडा तेवढ्याच मोठ्या अक्षरांत शेजारी छापा.

शेतकऱ्यांना एवढं किचकट कळत नाही, असं मला एका विक्री अधिकाऱ्यानं ऐकवलं. पीकविम्याच्या कापणी प्रयोगाला यांनी एकदा यावं. दोरी कुठं टाकली, कोपरा कुणी निवडला, कडेचं झाड आत धरलं की बाहेर, यावर आमच्या गावची माणसं तलाठ्यासमोर किती बारकाईनं भांडतात ते त्यांना दिसेल.