दुखणे सांगण्याचे धैर्य

खेळात शौर्य कशास म्हणावे, याविषयीची आपली कल्पना फार जुनी व काहीशी एकांगी आहे. वेदना गिळून जो उभा राहतो तो शूर, आणि 'मला दुखते' असे म्हणून जो बाजूस होतो तो लेचापेचा, असे आपण सहज मानून चालतो. शालेय सामन्यांच्या वृत्तांतात 'हात दुखत असतानाही तिने अखेरपर्यंत चेंडू टाकले' असे वाक्य आपण कौतुकाने लिहितो, कौतुकाने वाचतो आणि बक्षीससमारंभात त्यावर टाळ्याही वाजवितो. सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत तरी हे कौतुक आता आवरते घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सॉफ्टबॉलचा जन्म 1887 साली अमेरिकेतील शिकागो शहरी झाला व यथावकाश तो आपल्या शाळांच्या मैदानांवरही आला. या खेळात सर्वांत मोठा भार एका खेळाडूवर पडतो. ती म्हणजे पिचर. इतरांकडे चेंडू कधी येतो, कधी येत नाही. पिचरला मात्र फलंदाजासमोरची प्रत्येक फेक स्वतःच करावी लागते. तिचा हात पवनचक्कीच्या पात्यासारखा पूर्ण वर्तुळ फिरतो आणि चेंडू कमरेजवळून, खालच्या बाजूने सुटतो. बेसबॉलमध्ये चेंडू खांद्यावरून फेकतात. त्यामुळे कैक वर्षे असा समज रूढ होता की, खालून फेकणे हाताला स्वाभाविकच आहे, त्यास मोजमाप कशाला हवे? एकाच मुलीने एका दिवसात दोन-दोन सामने टाकावेत, यात कोणास काही वावगे वाटत नसे.

हा समज शास्त्राच्या कसोटीस उतरला नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील अभ्यासकांनी वेगवान चित्रीकरणाच्या साहाय्याने या फेकीचे मापन केले. तेव्हा हात फिरताना खांद्यावर येणारा ताण बेसबॉलच्या फेकीशी तुलना करण्याजोगा असल्याचे आढळले. दंडाच्या पुढच्या स्नायूची दोरी खांद्यात जेथे गुंतलेली असते, तेथे प्रत्येक फेकीस ओढ बसते. फेकीचे खरे बळ पाय, कंबर व धड यांतून येते. ती थकली की उरलेले काम खांद्याला करावे लागते. म्हणूनच दमलेल्या शरीराची शंभरावी फेक ही ताज्या शरीराच्या दहाव्या फेकीसारखी नसते.

त्यातही वाढत्या वयाचे शरीर निराळे. मुलांच्या हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक कोवळा थर असतो. तेथूनच हाड लांबीने वाढते. हा थर पक्क्या हाडापेक्षा कमजोर असतो. एखाद्या प्रौढ खेळाडूचा स्नायू जेथे दुखावेल, तेथे मुलाचा हा थरच दुखावण्याचा संभव असतो. शिवाय ही दुखापत पडल्या-झडल्याची नव्हे. तीत रक्त दिसत नाही. दोरीने घासून घासून विहिरीच्या दगडाला खाच पडावी, तशी ती दिवसेंदिवस साचत जाते. आरंभी सामना संपल्यावर खांदा ठणकतो व सकाळपर्यंत थांबतो. पुढे तो खेळतानाच दुखू लागतो, चेंडूचा वेग मंदावतो, नेम चुकू लागतो. अखेरीस वेणी घालण्यास हात वर नेणेही कष्टाचे होते. पहिल्या पायरीवर थांबले तर बहुधा थोडी विश्रांती पुरते. अखेरच्या पायरीवर थांबणाऱ्यास महिनेच्या महिने मैदानाबाहेर काढावे लागतात.

येथे कोणी म्हणेल, 'मग थोर खेळाडू कसे घडले?' उदाहरण म्हणून जपानच्या युकिको उएनोचे नाव पुढे येईल, आणि ते यथार्थही आहे. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिने दोन दिवसांत तीन सामने टाकले. एकूण 413 फेकी करून तिने जपानला सुवर्णपदक मिळवून दिले. 2021 साली भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ती पुन्हा सुवर्णपदक विजेत्या संघात होती. या पराक्रमास कोण वंदन करणार नाही? परंतु बीजिंगमध्ये ती सव्वीस वर्षांची, पूर्ण वाढलेली व कसलेली खेळाडू होती. तो ताण तिने पेलला म्हणून तो तेरा वर्षांच्या मुलीसही पेलेल, असा निष्कर्ष निघत नाही. जे टिकले त्यांची नावे आपल्या कानी येतात. ज्यांचे खांदे शाळेतच निकामी झाले, त्यांची गणती कोणी ठेवीत नाही.

त्याच जपानातील दुसरे उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते. ते बेसबॉलमधील आहे. पण धडा एकच. 2019 च्या जुलै महिन्यात इवाते प्रांताच्या शालेय स्पर्धेत ओफुनातो येथील शाळा अंतिम फेरीस पोहोचली. तो सामना जिंकला असता तर तिला कोशिएन येथील राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळणार होता. संघात रोकी सासाकी हा सतरा वर्षांचा विलक्षण वेगवान पिचर होता. आदल्याच दिवशी उपांत्य सामन्यात त्याने 129 फेकी केल्या होत्या. प्रशिक्षकांनी अंतिम सामन्यात त्यास खेळविलेच नाही. शाळा 12-2 अशी हरली व प्रशिक्षकांवर टीकेचा भडिमार झाला. पुढे 10 एप्रिल 2022 रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याच सासाकीने व्यावसायिक सामन्यात प्रतिपक्षाच्या एकाही खेळाडूस पहिल्या तळापर्यंत पोहोचू दिले नाही. 2025 मध्ये अमेरिकेत खेळताना त्याच्या खांद्याने पुन्हा त्रास दिला, हेही सांगितले पाहिजे. विश्रांती म्हणजे अभेद्य कवच नव्हे. तरीही एका मुलाचा हात शाळेच्या ढालीहून मोठा आहे, असे ठरविणारे ते वडीलधारे मला त्या सामन्याचे खरे विजेते वाटतात.

अशा निर्णयाचे ओझे एकट्या प्रशिक्षकावर पडू नये, यासाठी नियम हवेत. अमेरिकेच्या लिटल लीग या बाल-बेसबॉल संस्थेने 2007 पासून फेकींवर मर्यादा घातली. अकरा-बारा वर्षांच्या मुलास एका दिवसात 85 फेकी. जपानच्या शालेय बेसबॉल संघटनेने 2020 पासून एका पिचरला आठवड्यात 500 फेकींची सीमा आखून दिली. आपल्या शाळांनी वरून आज्ञा येण्याची वाट का पाहावी? यास पैसा लागत नाही. एक वही व एक पेन्सिल पुरे. संघातील एका विद्यार्थ्याने सामन्यातील आणि सरावातीलही प्रत्येक फेक त्या वहीत नोंदवावी. प्रत्येक संघाने निदान दोन, शक्य तर तीन पिचर तयार करावेत. लागोपाठच्या दिवसांत एकाच मुलीस राबवू नये. वर्षातील काही महिने तिने चेंडू बाजूस ठेवून धावावे, पोहावे, खो-खो खेळावे. दुखू लागताच फेक थांबवावी व वैद्याचा सल्ला घ्यावा. गोळी घेऊन वेदना दडविणे म्हणजे घरास आग लागली असता घंटेचा आवाज बंद करणे होय. आणि परत खेळावयाचे ते पाठ, कंबर व खांदा बळकट करून, जवळच्या अंतरावरून हलक्या फेकींनी, पायरी-पायरीने.

पालकांना माझी विनंती आहे की, 'किती बळी घेतले?' या प्रश्नाआधी 'खांदा कसा आहे?' हा प्रश्न त्यांनी विचारावा. शिक्षकांनी संघनिवडीच्या वेळी हे उघड सांगावे की, दुखणे सांगितल्याने कोणाची जागा जाणार नाही. कारण मुले बहुधा वेदनेला भीत नाहीत, जागा जाण्याला भितात.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एवढेच सांगणे आहे. दात-ओठ खाऊन चेंडू टाकीत राहण्यास जिद्द लागते, हे खरे. परंतु भर सामन्यात, सारे मैदान आपल्याकडे पाहत असता, 'बाई, माझा खांदा दुखतो आहे' असे म्हणून चेंडू मैत्रिणीच्या हाती देण्यास त्याहून मोठे धैर्य लागते. पुढील वर्षीच्या क्रीडावृत्तांतात त्या मुलीचे नावही आपण तितक्याच अभिमानाने छापावे.