अक्षरांचे क्रमांक

तुम्ही रोज दोन लिप्या लिहिता. उर्दूच्या वहीत तुमचा हात उजवीकडून डावीकडे जातो आणि मराठीच्या तासाला डावीकडून उजवीकडे. वहीत तुमचा गोंधळ होत नाही. पण हातात मोबाइल आला, की तुमच्यापैकी पुष्कळजण दोन्ही लिप्या बाजूला ठेवतात आणि इंग्रजी अक्षरांतच उर्दू आणि मराठी लिहू लागतात. ही रीत सोपी आहे, हे मला मान्य आहे. तरीही ती चांगली आहे, असे मला वाटत नाही.

समजा, एखाद्याने निरोप पाठवला. त्यात आधी ‘के, ए, एल’ अशी तीन इंग्रजी अक्षरे आहेत आणि पुढे ‘शाळा बंद’ असे शब्द आहेत. मराठी माणूस पहिला शब्द ‘काल’ वाचील. तीच अक्षरे ‘कळ’ किंवा ‘काळ’ अशीही वाचता येतात. उर्दू बोलणारा मुलगा मात्र ‘कल’ असेच वाचणार. आणि उर्दूत ‘कल’ म्हणजे होऊन गेलेला दिवसही आणि येणारा दिवसही! तो मुलगा दुसऱ्या दिवशी घरी बसला, तर त्याला दोष कसा देणार?

मराठीत ‘आचाऱ्यास बोलवा’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला बोलवा आणि ‘आचार्यास बोलवा’ म्हणजे गुरुजींना बोलवा. इंग्रजी अक्षरांत दोघे एकच होतात. उर्दूचेही तसेच आहे. ‘सदा’ हा शब्द सीनने लिहिला तर त्याचा अर्थ ‘नेहमी’, आणि स्वादने लिहिला तर ‘हाक’ किंवा ‘आवाज’. हा फरक इंग्रजी अक्षरे दाखवत नाहीत. खरे सांगायचे तर देवनागरीही दाखवत नाही. उर्दूसाठी उर्दूचीच लिपी हवी.

आता तुम्ही विचाराल, ‘मग पूर्वीचे लोक संगणकावर आपल्या लिपीत लिहीत नव्हते का?’ लिहीत होते; पण त्यात एक मोठी अडचण होती. संगणकाला अक्षराचा आकार कळत नाही. तो फक्त आकडे सांभाळतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर, हे माणसाने ठरवून द्यावे लागते. पूर्वी मराठीचे फॉन्ट बनवणाऱ्या कंपन्या हे आपापल्या सोयीने ठरवत. एकीने ‘क’ एका जागी बसवला, तर दुसरीने भलत्याच जागी. तोच फॉन्ट समोरच्याच्या संगणकावर नसला, तर मराठी अर्जाच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसे. अर्ज लिहिणाऱ्याने काही चूक केलेली नसे. वाचणाऱ्यानेही केलेली नसे. तरी काम अडत असे.

१९९१ साली या गोंधळावर दोन उपाय पुढे आले. भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ नावाची संहिता ठरवली. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना सामावून घेऊ पाहणाऱ्या ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती निघाली. इस्की आपल्या देशातील होती आणि ती चांगल्या विचाराने तयार केलेली होती. पण तिची रचना देवनागरी, गुजराती, बंगाली, तमिळ अशा लिप्यांसाठी होती. उर्दूला तीत जागा नव्हती. युनिकोडमध्ये देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५ आणि उर्दूच्या काफचा १७०५. दोन्ही अक्षरे एकाच पानावर, एकाच ओळीत बसू शकतात. तुमच्यासारख्या दोन लिप्यांच्या मुलांनी युनिकोडची बाजू घ्यावी, असे मला वाटते ते यासाठीच.

उर्दूची आणखी एक कठीण गोष्ट होती. अरबीच्या नस्ख लिपीत शब्द एका सरळ ओळीवर उभे राहतात. यंत्राला ते सोपे जाते. उर्दूची नस्तालीक मात्र तिरपी उतरत येते, आणि शेजारचे अक्षर बदलले की अक्षराचा आकारही बदलतो. म्हणून उर्दूची वर्तमानपत्रे कितीतरी वर्षे कातिब हाताने लिहीत आणि मग ती छापली जात. यंत्रासाठी नस्तालीक सोडून द्या, असेही सांगितले गेले. पण वाचकांना ते पटले नाही. शेवटी १९८१ साली पाकिस्तानातील अहमद मिर्झा जमील यांची ‘नूरी नस्तालीक’ आली. तिच्यासाठी सुमारे वीस हजार जोडलेले आकार तयार करावे लागले! पुढे १९९४ साली दिल्लीच्या एका कंपनीने ‘इनपेज’ काढले आणि उर्दू छपाई संगणकावर आली. यात कातिबांचे काम गेले, हेही आपण विसरू नये. इनपेजही सुरुवातीला आपलेच आकडे वापरत असे. युनिकोडची सोय त्यात नंतर आली.

आज अक्षराचा क्रमांक वेगळा आणि आकार वेगळा झाला आहे. तुम्ही लिहिलेला तोच मजकूर एका मोबाइलवर नस्खमध्ये दिसतो आणि दुसऱ्यावर नस्तालीकमध्ये. नस्खमधली उर्दू पाहून आजोबा नाक मुरडतील. माझेही मन त्यांच्याच बाजूचे आहे. पण मजकूर वाया जात नाही. चांगला फॉन्ट घातला, की तोच मजकूर नस्तालीकमध्ये दिसू लागतो.

हे सारे शिकायला कष्ट पडतात, यात शंका नाही. संगणकावर मराठीसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ नावाचा कळफलक, म्हणजे कीबोर्ड, मिळतो. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात. पहिले काही दिवस बोटे अडखळतात. पण तो एकदा हाताला बसला, की गुजराती किंवा बंगालीचा ‘क’ही त्याच कळीवर सापडतो.

उर्दूसाठी कळफलक निवडताना मात्र जरा जपा. यादीत ‘अरबी’ही असते. अरबी येचा क्रमांक १६१० आणि उर्दू येचा १७४०. शब्दाच्या मध्ये दोन्ही ये अगदी सारख्या दिसतात. डोळ्यांना फरक कळत नाही. पण संगणक आकडा पाहतो. हजेरीच्या यादीत एकाने ‘नसीम’ हे नाव अरबी येने लिहिले आणि दुसऱ्याने ते उर्दू येने शोधले, तर बऱ्याचदा उत्तर येते की असे नाव यादीत नाही. नसीम मात्र पहिल्या बाकावर बसलेली असते.