एकाच हाताचे दोन फाँट

नागपूर-जबलपूर रस्ता तिलवारा घाटाजवळ नर्मदा ओलांडतो. पलीकडच्या शहरात सरकारी नोकरीची तयारी करणाऱ्या पोरांच्या तोंडी एक नाव हटकून असते, ‘मंगल’. मध्य प्रदेशातल्या सीपीसीटी या संगणक-परीक्षेत हिंदी टायपिंग युनिकोडमध्ये, मंगल फाँटवर होते. हा फाँट मायक्रोसॉफ्टचा. विंडोज २००० मध्ये तो संगणकात आला आणि त्याचे सर्व हक्क कंपनीकडे आहेत. त्याची अक्षरे मात्र एका मराठी सुलेखनकाराची, जे. जे.मध्ये शिकलेल्या आणि पुढे आयआयटी मुंबईत शिकवणाऱ्या र. कृ. जोशींची. याच जोशींनी मुंबईच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेसाठी ‘रघू’ हा दुसरा देवनागरी फाँटही आरेखित केला. तो जीपीएल परवान्याखाली सर्वांना मोकळा झाला. कुणीही वापरावा, उघडून पाहावा, हवा तसा बदलावा.

मालकीचे सॉफ्टवेअर आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर ही दोन वैरी घराणी आहेत, असे अजूनही मानणाऱ्यांनी जोशींची ही दोन कामे शेजारी ठेवून पाहावीत.

धंद्याने हे वैर कधी फारसे मनावर घेतलेच नाही. जबलपूर हे मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ. तिथला वकील अर्ज वर्डमध्ये तयार करतो आणि पुढची तारीख ई-कोर्ट्सवर पाहतो. त्या तारखांमागची सीआयएस ही प्रणाली एनआयसी या सरकारी संगणक-संस्थेच्या पुणे केंद्रात घडलेली, मुक्तस्रोत साधनांवर उभी राहिलेली. ई-कोर्ट्स प्रकल्पाने न्यायालयांच्या संगणकांसाठी उबुंटू या मुक्तस्रोत प्रणालीवर बेतलेली व्यवस्था निवडली. अर्ज पीडीएफ करून जातो. ती मूळची ॲडोबीची खासगी मांडणी २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण झाली. एकाच अर्जात इतकी सरमिसळ, आणि पक्षकाराला तिचा पत्ताही नाही. तो असण्याची गरजही नाही.

मग तक्रार कशाची? परवान्याची नव्हे, कुलपाची. आणि ते कुलूप बहुतेकदा सॉफ्टवेअरला नसते, आपल्याच मजकुराला लागलेले असते.

कृतिदेव हा त्याचा धडधडीत नमुना. हिंदी पट्ट्यातल्या टायपिंगच्या दुकानांनी वर्षानुवर्षे यावर पोट भरले. या फाँटमध्ये ‘कि’ दिसते खरी, पण फाइलमध्ये साठवलेली असतात ‘एफ’ आणि ‘डी’ ही रोमन अक्षरे. टाइपरायटरच्या सवयीप्रमाणे ऱ्हस्व वेलांटी आधी, व्यंजन नंतर. फाँट बदलला की मजकुराचा चिवडा. शोध लागत नाही, अकारविल्हे यादी होत नाही. पैसे मोजून विकत घेतलेला कृतिदेव किती दुकानांत सापडेल, हा प्रश्न न विचारलेलाच बरा. तेव्हा फुकट मिळणे आणि मुक्त असणे यांची गल्लत करू नये.

मराठी डीटीपीवाल्यांची कहाणी थोडी वेगळी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपी या सॉफ्टवेअरने लग्नपत्रिकेपासून कादंबरीपर्यंत सगळे जुळवून दिले, तेही संगणकाला मराठी नीट येत नव्हती अशा काळात. संगणकाला डोंगल लावावे लागे, त्याचे पैसे पडत, आणि ते वाजवी होते. सुबक अक्षरे कुणीतरी बसून रेखाटलेली असतात. पण त्या जुन्या फाँटांची अक्षरसंकेतनेही ज्याची त्याची वेगळी होती. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीचे पुस्तक ई-बुक करायचे, तर प्रकाशकाला आधी रूपांतर आणि मग पुन्हा मुद्रितशोधन, असा दुहेरी खर्च येतो.

यावर उतारा युनिकोडचा: प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेतांक. त्यात देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी ते प्रमाण मानले २००९ मध्ये. दुकाने तरीही युनिकोड न कळणाऱ्या पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरला चिकटून राहिली, आणि त्याची शेवटची ७.० आवृत्ती २००१ ची! पण जिथे मजकूर युनिकोडमध्ये आला, तिथे सहजीवन आपोआप सुरू झाले. जोडाक्षरे जागच्या जागी बसवणारा हार्फबझ हा मुक्तस्रोत कोड क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइडमध्ये आहे. तोच ॲडोबीच्या पैसे मोजून घ्याव्या लागणाऱ्या इनडिझाइनमध्येही काम करतो.

पैशाचा प्रश्न उरतोच. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फाँट आज फलकांवर, वेष्टनांवर सर्रास दिसतात. ते खुल्या परवान्याचे आहेत. छपाईत वापरून हवे तितके कमवा, फक्त फाँट सुटा विकू नका. हीच संस्था ग्राहकांसाठी खास फाँट करूनही देते. हिशेबाच्या क्षेत्रातही असेच चित्र आहे. मुंबईत जन्मलेले ईआरपीनेक्स्ट जीपीएलखाली कुणीही उतरवून घ्यावे. ते घडवणारी फ्रापे कंपनी होस्टिंग आणि सेवा यांवर कमावते. आणि माल-साठ्यासाठी ईआरपीनेक्स्ट वापरणाऱ्या कारखानदाराला सीएसाठी टॅलीही ठेवावी लागली, तर त्यात कमीपणा कसला? नोंदी दोन्हींतून बाहेर काढता आल्या पाहिजेत, एवढे पुरे.

सरकारी पैशातून केलेले काम खुले ठेवले की काय होते, याचेही उदाहरण घरचेच आहे. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ खुल्या परवान्याखाली दिला. त्याच अक्षरांवर आयआयटी मुंबईतल्या मंडळींनी संस्कृतची अवघड जोडाक्षरे आणि वैदिक स्वरचिन्हे चढवून ‘शोभिका’ उभा केला. परवानगीसाठी कुणाच्या दारात जावे लागले नाही.

असेच काम जुन्या फाइलींच्या रूपांतराचे व्हायला हवे. आजचे रूपांतरक वेलांटी आणि रफार यांच्यापाशी हमखास अडखळतात, आणि त्याची दुरुस्ती प्रत्येक प्रकाशक आपापल्या खोलीत पुन्हा नव्याने करतो. दहा प्रकाशकांनी वर्गणी काढून एकच चांगला रूपांतरक करून घ्यावा आणि तो खुला ठेवावा. पुढची पुस्तके मग त्यांनी खुशाल विकतच्या इनडिझाइनमध्ये लावावीत. अट एकच. लेखकाला हस्तलिखिताची जी फाइल परत जाईल, ती युनिकोडमध्ये असावी आणि हे करारातच लिहिलेले असावे.