काचेची पाटी आणि बाजारातला हिशेब

गणित कोणास येते आणि कोणास येत नाही, याचा निवाडा आपल्याकडे आजवर परीक्षेचा कागद करीत आला. आता अनेक शाळांत त्या कागदाशेजारी टॅब्लेटची काचेची पाटी येऊन बसली आहे. तिच्या वाटपाचे समारंभ पाहून ज्यांना शैक्षणिक क्रांती झाल्याचा भास होतो, त्यांनी एका जुन्या संशोधनाकडे वळून पाहावे.

ब्राझीलमधील रेसिफे शहरात तेरेझिन्हा कॅराहर, डेव्हिड कॅराहर व अनालुसिया श्लीमान यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच गरीब मुलांचा अभ्यास केला. तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक होऊन विचारलेल्या हिशेबांपैकी शेकडा ९८ बरोबर आले. तसलेच हिशेब त्याच मुलांपुढे निव्वळ आकडेमोड म्हणून मांडले, तेव्हा हे प्रमाण शेकडा ३७ वर आले. ३५ क्रुझेरोंना एक, तर दहा नारळांचे किती, असे एका बारा वर्षांच्या मुलास विचारले होते. दहाने गुणताना शून्य द्यावे, ही शाळेची रीत. त्याने तिचा आधार घेतला नाही. तिनांचे १०५, आणखी तिनांचे मिळून २१०, मग ३१५ आणि शेवटी ३५० असा तो चढत गेला. २०२५ साली 'नेचर'मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो व सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतील मुलांविषयी हेच दाखविले. शिवाय कागदावर सरस ठरणारी शाळकरी मुले बाजारातल्या हिशेबात अडखळतात, हेही दाखविले. (बाजारात राबणाऱ्या मुलाचे कौतुक करून त्याला तेथेच ठेवावे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्याची जागा शाळेतच आहे. प्रश्न शाळा त्याचे ज्ञान ओळखते की नाही, एवढाच आहे.)

आपल्या घरचे उदाहरण ताजे आहे. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' हे वाचन आले आणि महाराष्ट्रात गदारोळ उडाला. मराठी बुडाली, असे लेख आले; विधानसभेत आडनावांवर कोट्या झाल्या. विषय समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचे म्हणणे साधे होते. २१ लिहिताना दोन आधी आणि बोलताना एक आधी, यात लहान मूल गोंधळते. ६९ चेच पाहा. 'एकोणसत्तर' या शब्दात सहा ऐकू येत नाही, नऊही येत नाही. ऐकू येते सत्तर! जुने शब्द कोणी काढून टाकले नव्हते. घरी, बाजारात ऐकलेला शब्द आणि पाटीवरचा अंक यांमध्ये एक पायरी बांधली होती. ज्यांची मुले शिकवणीच्या जोरावर ही दरी सहज ओलांडतात, त्यांना ती पायरी अनावश्यक वाटली, यात नवल नाही.

संख्यानाम हेही समाजाने घडविलेले साधनच आहे, आणि टॅब्लेटही. साधन घडविताना कोणाचे मूल नजरेसमोर होते, हा आमच्या मते खरा राजकीय प्रश्न आहे. गणिताच्या सरावाची बहुतेक तयार साधने चार पर्याय देतात, घड्याळ लावतात आणि बरोबर किंवा चूक एवढेच सांगतात. रेसिफेच्या मुलाच्या १०५, २१०, ३१५ या पायऱ्यांना तेथे जागाच नाही. यंत्राला उत्तर मोजणे सोपे, विचार मोजणे कठीण. म्हणून उत्तर तेवढे मोजले जाते. मुलाने यंत्राला शिकवावे, यंत्राने मुलाला वळण लावू नये, हा सेमूर पेपर्ट यांनी १९८० साली 'माइंडस्टॉर्म्स' या ग्रंथात मांडलेला विचार या खरेदीत कोठे हरवला? खरेदी करणारा कार्यालयात आणि वापरणारे मूल वर्गात, अशी फारकत असल्यावर निविदेत पडद्याची लांबी-रुंदी भरली जाते आणि मुलाचा विचार राहून जातो.

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. आपल्या कार्यकर्त्यांनी या समित्यांकडे आजवर खिचडीच्या तक्रारींपुरतेच पाहिले. आता तेथे आणखी काही विचारले पाहिजे: मुलाचे उत्तर चुकले तर हे यंत्र पुढे काय करते? त्याने केलेली रीत शिक्षिकेला दिसते का? ते घरच्या बोलीतला आकडा ओळखते का? मुलांच्या नोंदी कोणाच्या ताब्यात राहतात? ही उत्तरे विक्रेत्याच्या माहितीपत्रकातून घेऊ नयेत. आठवडी बाजाराला जाणारी दोन-चार मुले यंत्रापुढे बसवावीत आणि पालकांनी शेजारी बसून पाहावे. देयक मंजूर होण्यापूर्वी.