नाकापर्यंत न पोचणारे औषध

चिवट पोस्ट-नेझल ड्रिपच्या कोणत्याही रुग्णाची जुनी फाइल चाळून पाहा. अँटिबायोटिकचे दोन-तीन कोर्स, महिनोन्महिने चाललेली मॉन्टेल्युकास्ट-लेव्होसेट्रिझिनची गोळी, उपाशीपोटी घ्यायची अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल, सायनसचा एक्स-रे, आणि या गर्दीत कुठेतरी एकदाच लिहिलेला स्टेरॉइडचा नेझल स्प्रे. त्या स्प्रेचे काय झाले, हे रुग्णाला मुद्दाम विचारा. बहुतेक वेळा उत्तर येते, ‘चार दिवस मारला, काही फरक पडला नाही, मग सोडला.’ कसा मारायचा हे कोणी दाखवले होते का, यावर मान नकारार्थी हलते.

म्हणजे फाइलमध्ये ज्या एका औषधाला भक्कम आधार आहे, तेच रुग्णाच्या नाकात नीट गेलेले नसते. आपण मात्र ‘स्प्रेने गुण नाही’ अशी नोंद करून पुढच्या गोळीकडे वळतो. या आजारातले आपले बरेचसे अपयश इथे आहे, असे आमचे ठाम मत आहे.

स्प्रे शिकवायला फार वेळ लागत नाही. बाटली हलवायची, नवी असेल तर आधी हवेत काही फवारे सोडायचे. मान मागे टाकायची नाही, किंचित पुढे झुकवायची. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि डाव्या नाकपुडीसाठी उजवा. त्यामुळे नळीचे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या बाहेरील कोपऱ्याकडे वळते आणि फवारा नाकाच्या मधल्या पडद्यावर बसत नाही. स्प्रेमुळे नाकातून रक्त येते, अशी तक्रार करणारे पुष्कळसे रुग्ण नेमका पडद्यावर फवारा मारत असतात. श्वास हळू घ्यायचा. जोरात ओढला तर औषध घशात जाते, आणि घशात कडवट चव आली की ते नाकात राहिले नाही असे समजावे. हे सगळे तोंडी सांगून भागत नाही. टेबलावर एक रिकामी बाटली ठेवावी आणि रुग्णाकडून एकदा करवून घ्यावे. पुढच्या भेटीत पुन्हा करायला लावावे, कारण सवय हळूहळू बिघडते.

दुसरी अडचण ‘स्टेरॉइड’ या शब्दाच्या भीतीची. मोमेटासोन आणि फ्लुटिकासोन नाकावाटे रक्तात अत्यल्प प्रमाणात शोषले जातात, हे रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगायला हवे. शिवाय हे औषध नाक चोंदल्यावर मारायचे नाही, रोज मारायचे आहे. पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात, म्हणून चौथ्या दिवशीचा निकाल ग्राह्य धरता येत नाही. हे आधी सांगितले नाही, तर रुग्ण झायलोमेटाझोलिनच्या थेंबांकडे जातो. ते दोन मिनिटांत नाक मोकळे करतात, आणि आठवड्याच्या पुढे चालू राहिले की तेच नाक चोंदवू लागतात.

स्प्रेच्या आधी नाक धुणे. महाराष्ट्रात आपले काम यात सोपे आहे, कारण योगवर्गांमुळे जलनेती घराघरांत ठाऊक आहे. तिच्या बाजूने पुरावाही आहे. विस्कॉन्सिनमध्ये 2002 साली प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत रोज खारट पाण्याने नाक धुणाऱ्यांची लक्षणे कमी झाली आणि अँटिबायोटिकचा वापरही घटला. ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांकडील 871 रुग्णांची चाचणी 2016 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात नाक धुण्याचा फायदा माफक, पण खरा ठरला. वाफेचा मात्र सायनसच्या लक्षणांवर उपयोग दिसला नाही. कोविडच्या काळात आपल्याकडे वाफारा घरोघरी पोचला आणि तो अजून सुटलेला नाही. थोडे बरे वाटते म्हणून कोणी घेत असेल तर वाद नको, पण लहान मुलांजवळ उकळत्या पाण्याचे भांडे ठेवू नका, एवढे बजावलेच पाहिजे.

धुण्याचे पाणी लिटरला 9 ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड सपाट चहाचा चमचा, या प्रमाणात असावे. जळजळ होत असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. पाणी खळखळून उकळून कोमट केलेले हवे. नळाचे नको आणि आरओ फिल्टरचे थेटही नको. लुइझियानात 2011 साली नळाच्या पाण्याने नेती करणाऱ्या दोघांचा नेग्लेरिया फाउलेरीच्या मेंदूसंसर्गाने मृत्यू झाला. तेच पाणी प्यायल्याने हा आजार होत नाही, नाकातून गेल्यावर होतो. म्हणून ‘आम्ही हेच पाणी पितो’ हे उत्तर इथे पुरेसे नाही.

आता अँटिबायोटिकविषयी. हिरवा-पिवळा शेंबूड हा जिवाणूंचा पुरावा नाही. तो रंग पांढऱ्या पेशींतल्या विकराचा असतो आणि साध्या विषाणूजन्य सर्दीतही दिसतो. जुनाट सायनुसायटिस म्हणायचे तर नाक चोंदणे किंवा पुढून-मागून स्राव यांपैकी निदान एक लक्षण, जोडीला दुसरे एखादे, बारा आठवडे टिकलेले, आणि एन्डोस्कोपीत किंवा सीटी स्कॅनमध्ये त्याचा पुरावा हवा. साध्या एक्स-रेवरून हे ठरत नाही. घशात कफ उतरतो एवढ्यावरून तर नाहीच. नाकातला स्राव निरोगी माणसाच्याही घशातच उतरतो, दिवसाला काही शे मिलिलिटर, आणि नकळत गिळला जातो. तो गिळल्याने अपाय होत नाही, एवढ्या एका वाक्याने काही रुग्णांचे दिवसभराचे खाकरणे निम्मे होते.

मॉन्टेल्युकास्टबाबत अधिक गांभीर्य हवे. मानसिक दुष्परिणामांमुळे अमेरिकेच्या एफडीएने मार्च 2020 मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला आणि अ‍ॅलर्जिक सर्दीसाठी इतर औषधे चालत नसतील तरच ते वापरावे, असे सांगितले. आपण मात्र शाळकरी मुलांनाही ते सहज लिहितो. अ‍ॅसिडिटीच्या औषधांचे चित्र संमिश्र आहे. सायनस आणि अ‍ॅलर्जी वगळलेल्या रुग्णांच्या 2010 मधील एका लहान चाचणीत लान्सोप्राझोलने ड्रिप कमी झाली, तर घशाच्या जुनाट तक्रारींवरील 2021 च्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत ते प्लासिबोपेक्षा सरस ठरले नाही. द्यायचेच तर मुदत ठरवून द्यावे, आणि गुण नसेल तर बंद करावे. त्याआधी रुग्ण एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल घेतो का, ते पाहावे.

काही रुग्णांत मात्र यातल्या कशासाठीच थांबायचे नाही. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव असेल तर वरच्या दाढा ठोकून पाहाव्यात आणि दंतवैद्याकडे पाठवावे. एका बाजूने वारंवार रक्त येत असेल तर एन्डोस्कोपी हवी. मधुमेह्याचा गाल बधिर झाला, डोळ्याभोवती सूज आली, दोन-दोन दिसू लागले किंवा नाकात काळी खपली दिसली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात. 2021 च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसने काय केले, हे आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिले आहे.

शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालाही धुणे आणि स्प्रे सुटत नाहीत. ऑपरेशनने वाट मोकळी होते आणि औषध आतपर्यंत जाऊ शकते, पण श्लेष्मलपटलाची सूज तशीच मागे राहू शकते. हे ऑपरेशनच्या आधीच सांगावे, नंतर सांगितले तर रुग्णाला फसल्यासारखे वाटते.

या अंकाच्या मधल्या पानावर स्प्रे आणि नाक धुण्याच्या कृती मोठ्या अक्षरांत दिल्या आहेत. पान कापून प्रती काढा, दवाखान्यात लावा, रुग्णाला घरी द्या. तुमच्या भागातल्या रुग्णांना एखादा शब्द अडला, तर तो आम्हाला कळवा.