आमच्या पोरींना पोहता का येत नाही?

माझा मावसभाऊ ऑस्ट्रेलियात असतो. गेल्या वर्षी त्याने कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली आणि बायको-मुलांना घेऊन क्वीन्सलँडच्या उत्तरेकडच्या जंगलातून आठवडाभर भटकला. गाडीतच झोपायचे, गाडीतच चहा. रस्त्याकडेला ‘कॅसोवरीपासून सावध’ अशा पाट्या; हा माणसाएवढा उंच पक्षी म्हणे लाथ मारतो. मिला मिला नावाच्या धबधब्यात पोहणाऱ्या बायकोचा व्हिडिओ त्याने घरच्या ग्रुपवर टाकला. अंगभर बुर्किनी घातलेली ती बाई पाण्याच्या पडद्यापर्यंत पोहत गेली आणि परत आली. ग्रुपवर ‘माशाअल्लाह’चा पाऊस पडला. तो पाडणाऱ्या एकाही बाईला पोहता येत नव्हते. त्यात मीही आले.

अम्मी मात्र म्हणाली, “अपने कने जंगल नै क्या?”

आहे की. कोल्हापूरपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर राधानगरी, तिथून पुढे दाजीपूर. संस्थानच्या काळात हे शिकारीचे रान होते. 1958 मध्ये ते गव्यांसाठी राखले गेले आणि 2012 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या सह्याद्रीच्या तुकड्यांमध्ये राधानगरीही आहे. आम्ही कोल्हापूरकर हे अभिमानाने सांगतो. पण माझ्या मोहल्ल्यात अजमेर, गुलबर्गा, उमरा करून आलेली घरे मोजायला बसले तर संध्याकाळ होईल, आणि दाजीपूर बघितलेली घरे मोजायला एका हाताची बोटे पुरतील.

राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे, पण तसली गाडी आमच्या खिशाबाहेरची. आम्ही टेम्पो ट्रॅव्हलर ठरवला, मागे गाद्या टाकल्या, शेगडी घेतली. दिवाळीच्या सुट्टीतले तीन दिवस आणि नऊ माणसे.

खरी चर्चा रंगली ती डब्यावरून. कोल्हापुरातले मुसलमान घर सहलीला निघतेय आणि सोबत मटण नाही! भाईने आधीच सांगून टाकले होते, मटण नको, कुणी वाटेत गाडी थांबवून डबा उघडायला लावला तर? भाभीने काही न बोलता अंडी उकडली, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधली. मी सुरुवातीला विशाळगडाकडची वाट सुचवली होती, तिकडचे रान मला बघायचे होते. तेही कुणी मानले नाही. जुलै 2024 मध्ये गजापुरात घरे आणि मशीद फोडली गेली, ते आमच्याच जिल्ह्यात. असे निर्णय आमच्या घरात आता वादावादीशिवाय होतात. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

दाजीपूरला आमची गाडी फाटकाबाहेर ठेवून जीप केली. पहिला गवा दिसला तेव्हा पोरे गप्प झाली. हजार किलोच्या आसपास जाणारा तो काळा डोंगर, आणि पाय मात्र पांढरे मोजे घातल्यासारखे. त्याने आमच्याकडे एकदा बघितले आणि पुन्हा चरायला लागला. गाईड पोरगा पक्ष्यांची नावे सांगताना सलीम अली, सलीम अली म्हणत होता. माझ्या लेकीने हळूच विचारले, “अम्मा, ते आपले होते?” तेरा वर्षांची पोर. मुंबईतल्या बोहरी घरात जन्मलेल्या ज्या माणसाने अख्ख्या देशाला पक्षी बघायला शिकवले, तो ‘आपला’ का हे तिला विचारावेसे वाटले, आणि मी “हो” म्हणाले. मग तिला कोल्हापूर दरबारच्या चित्त्यांबद्दल सांगितले. ते चित्ते सांभाळणाऱ्या चित्तेवानांत आपलीही घरे होती. रानाशी आपले नाते आजचे नाही, हे तिला कुणी तरी सांगायला हवेच होते.

जोहरच्या वेळी अम्मी गाडीतच पडदे ओढून नमाज पढायला बसली. बाहेर एवढे मोकळे माळ असताना. ड्रायव्हर मामांच्या ते लक्षात आले. “मावशी, खाली चटई टाकू का? सावली आहे की,” म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी जांभळीखाली चटई पसरली. अम्मी उतरली. भाई मात्र सगळा वेळ रस्त्याकडे बघत उभा होता.

आंबोलीचा मुख्य धबधबा आम्ही काच खाली न करताच ओलांडला. मोठ्याने गाणी लावून नाचणारी टोळकी होती, तिथे कुठलीच बाई सुखाने उभी राहिली नसती. हिरण्यकेशीचे कुंड मात्र बघितले. 2020 मध्ये शास्त्राला नवी ठरलेली छोटी मासळी तिथलीच.

तिसऱ्या दिवशी परतताना एका वाडीजवळ ओढ्याचे पाणी दोन पुरुष उंचीवरून डोहात पडत होते. जागेचे नाव सांगत नाही, तिथेही टोळकी पोचतील. पुरुष माणसे वर गाडीपाशी थांबली आणि आम्ही बायका सलवार-कमीज, ओढणीसकट पाण्यात उतरलो. अम्मीने साठीत पहिल्यांदा धबधबा डोक्यावर घेतला आणि लहान पोरीसारखी किंचाळली. मी तिला बघत होते, म्हणून लेकीकडे लक्ष नव्हते. ती एक पाऊल पुढे गेली आणि तळ संपला. सुती सलवार भिजून पायाला गुंडाळली होती. ती ओरडलीही नाही. बुडणारे माणूस ओरडत नाही, हे मला तेव्हा कळले. काठावर कपडे धुणाऱ्या वाडीतल्या पोरीने उडी टाकली आणि केसांना धरून तिला बाहेर ओढले. लेकीपेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल. मी आई, चार हातांवर उभी होते आणि मला काही करता आले नाही.

त्या पोरीला पैसे देऊ लागले तर ती हसली. “तुमच्याकडं पोरीस्नी शिकवत न्हाईत व्हय?” एवढेच विचारले.

नाही शिकवत. माझा भाई पंचगंगेच्या घाटावर पाठीला डबा बांधून शिकला, त्याच्याबरोबर मोहल्ल्यातली सगळी पोरे शिकली. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरलेला वीरधवल खाडे या गावचा. पोहणे ही इथे काही परकी गोष्ट नाही. मुलांना पोहणे, तिरंदाजी आणि घोडेस्वारी शिकवा, असे हजरत उमर यांनी सांगितल्याचे आमच्या जलशांतून ऐकवतात. ‘मुलांना’ म्हटल्यावर आम्ही मुलगे तेवढे ऐकले.

सहलीनंतर मी शहरातल्या एका तलावावर चौकशीला गेले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, अंगभर कपडे चालणार नाहीत. नियमाच्या पाटीवर सुती कपडे नकोत असे होते, आणि ते बरोबरच आहे, सुती कापडाने माझी पोर बुडत होती. पण बुर्किनी सुती नसते. 2004 च्या सुमारास सिडनीच्या अहेदा झानेट्टी या लेबनीज वंशाच्या बाईने ती केली, ती मुलींना खेळता-पोहता यावे म्हणून. 2016 च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या काही गावांनी तिच्यावर बंदी घातली, त्यातली एक बंदी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने स्थगित केली. तिकडे कपडे जास्त म्हणून बाई काठावर. आमच्या मोहल्ल्यात मी हा विषय काढला तर एक बुजुर्ग म्हणाले, भिजले की कपडा अंगाला चिकटतो, बेपर्दगी होते. म्हणजे इकडेही बाई काठावरच.

त्या बुजुर्गांना मी उद्धटपणे विचारले, माझी पोर त्या दिवशी गेली असती तर तुम्ही जनाजा चांगला पढला असता, पण त्याआधी काय केले असते? ते रागावले. भाभी म्हणते, मी जरा जास्त बोलले. असेल.

आमची जमात उरुसाच्या मंडपावर, जलशाच्या लाउडस्पीकरवर खर्च करते. त्यातला थोडा भाग काढून एखादा तलाव आठवड्यातून तासभर बायकांसाठी घ्यावा, शिकवायला बाई ठेवावी, आणि मोहल्ल्याबाहेरच्या बायकांनाही येऊ द्यावे. अशा तासाची गरज फक्त आम्हालाच आहे असे नाही, शेजारच्या गल्लीतल्या दोन मराठा सुनांनी मला आधीच विचारून ठेवले आहे. बारा बायकांच्या सह्यांचा अर्ज जमातीकडे दिला, त्याची प्रत तलावाच्या व्यवस्थापनाला. पहिली सही अम्मीची आहे, उर्दूत.

अजून कुणाचेच उत्तर आलेले नाही. लेक सध्या माझ्या मैत्रिणीच्या गावी, तिच्या विहिरीत, डबा बांधून शिकते आहे.