पिढी बदलली, पण कोणाची?

३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांना फोन लावला आणि देशात मोबाइल आला. जगाची ॲनालॉग पिढी वगळून आपण थेट डिजिटल टूजीवर उतरलो. तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडत. २००३ मध्ये ते थांबले आणि मोबाइल मजुराच्या खिशात गेला. पुढे २००८ च्या अखेरीस थ्रीजी, २०१२ मध्ये फोरजी, १ ऑक्टोबर २०२२ ला फाइव्हजी! आवाजाच्या जागी इंटरनेट आले.

परंतु ते कोणाच्या घरी? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील शंभरपैकी जेमतेम पंधरा घरांत इंटरनेट होते. २०२० मध्ये शाळा बंद पडून वर्ग मोबाइलवर गेले, तेव्हा ज्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता, त्यांच्या मुलांची शाळाच सुटली. एकलव्याचा अंगठा कापायला आता द्रोणाचार्यही लागत नाही!

लहरींची वारंवारता वाढली की वेगाला वाव मिळतो, पण पल्ला घटतो. टॉवर जवळजवळ उभारावे लागतात. नफा मोजणारी कंपनी ते शहरात उभारील, तांड्यावर कशाला? म्हणूनच २००२ मध्ये सार्वत्रिक सेवा निधी निर्माण झाला. २०२३ च्या कायद्याने त्याला ‘डिजिटल भारत निधी’ म्हटले. नाव बदलून रेंज येत नाही. या निधीतून कोणत्या वाडी-वस्तीवर टॉवर उभा राहिला, याचा गावनिहाय हिशेब सरकारने जाहीर करावा. सहाव्या पिढीच्या गप्पा त्यानंतर!